मामाच्या चौकटीचं लाकूड

अप्पा जाऊन सहा-सात महिने झाले असतील, तेव्हा मला सागवानाचा वास येऊ लागला. जिथे लाकडाचा तुकडाही नाही अशा ठिकाणी यायचा. कॉलेजात माझा अर्थशास्त्राचा तास चालू असताना, सिमेंटच्या भिंती आणि लोखंडी बाकं असलेल्या वर्गात. पापनाशमहून परत येताना बसमध्ये, खिडकीबाहेर नुसती भाताची खाचरं असताना. एकदा तर बँकेच्या रांगेत. आणि नुसत्या सागवानाचा नाही, ब्रह्मदेशी सागवानाचा. जुन्या चामड्याला तेल चोळून ठेवावं तसा, किंचित तिखट, घशापर्यंत उतरणारा. वेळ साधारण ठरलेली होती, दुपारी चारच्या सुमाराची. चार वाजता अप्पा वखारीतून घरी यायचे.

मी नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, मागे साथीत तुम्हांला ताप आला होता ना, त्यानंतर काहींच्या बाबतीत असं होतं, नसलेले वास येतात, कधी कधी उशिराही सुरू होतात, घाबरायचं कारण नाही. मला ते पटलं. मी तक्ते आणि आलेखांवर पोट भरणारी बाई, भुताखेतांशी माझं कधी जमलं नाही. तरीही चार वाजले की हातातलं काम थांबवून मी दाराकडे बघायची.

अप्पांनी तंजावूरच्या एका लाकडाच्या वखारीत उभं आयुष्य काढलं. वखार त्यांची नव्हती. ते तिथले पारखी होते. लॉरीतून ओंडके उतरले की मालक सावलीला उभा राहायचा आणि अप्पा पुढे व्हायचे. आधी डोळ्यांनी लाकडाच्या रेषा बघायच्या, मग तळहात फिरवायचा, आणि शेवटी पटाशीने एक पातळ ढलपी काढून, तिच्यावर तोंडाची वाफ सोडून, ती नाकाशी धरायची. मग डोळे न उघडताच सांगायचे, बर्मा, किंवा केरळातलं निलांबूर, किंवा घाना. डोळ्याला तेल चोपडून फसवता येतं, हाताला पॉलिश लावून फसवता येतं, नाकाला फसवता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. लाकूड जे म्हणून विकलं जातंय तेच आहे अशी खात्री पटली की कानामागची निळी पेन्सिल काढून त्याच्या टोकावर एक गोल करायचे. त्या गोलाच्या भरवशावर ओरत्तनाडूपर्यंतचे लोक घरं बांधायचे. शंका असली तर गोल नाही. मालकाने कितीही तोंड वाकडं केलं तरी नाही.

ब्रह्मदेशातून येणाऱ्या ओंडक्याच्या तोंडावर तिथल्या सरकारी खात्याच्या हातोडीचा शिक्का असायचा. लहानपणी मी त्या खोलगट अक्षरांवरून बोट फिरवत बसायची. पण आरागिरणीत पहिला काप पडला की शिक्क्याची ती चकती जळणात जायची. त्यानंतर लाकडाला स्वतःचा देश सांगता यायचा नाही. तो अप्पांनी सांगायचा.

शाळेच्या सुट्टीत मी वखारीत जायची आणि आमचा एक खेळ चालायचा. अप्पा माझे डोळे मिटायला लावून ढलप्या एकेक करून नाकाशी धरायचे. मी ओळखायची. चुकले तर पुन्हा तीच ढलपी. बरोबर आलं तर शाबास वगैरे काही नाही, त्यांची मान फक्त एकदा खाली जायची. डोळे मिटलेले असूनही मला ती मान कळायची. त्या मानेसाठी मी काय वाटेल ते केलं असतं.

पुढे मी पुण्याला शिकायला गेले. आमचं घर पिढ्यानपिढ्या तंजावूरला राहिलेल्या मराठी लोकांचं; घरी आम्ही मराठी बोलायचो, पण लिहायचो तमिळ. देवनागरी मी तिथे, मोठेपणी, पाट्या वाचत वाचत शिकले. माझं ‘करूंलालें’, ‘होतें’ ऐकून मैत्रिणी म्हणायच्या, तुझ्या तोंडून एखादी जुनी बखर बोलते. मीही मग मुद्दाम जास्त बखरीसारखं बोलून त्यांना पिडायची. प्रबंधासाठी मी विषय घेतला ब्रह्मदेश आणि घाना, या दोन देशांची टणक लाकडाची निर्यात, काळाच्या ओघात कशी बदलली ते. हेच दोन देश का, असं मार्गदर्शकांनी विचारलं. माझ्या लहानपणाला हेच दोन वास होते, असं काही सांगता येत नाही. तुलनेला सोयीचे आहेत, असं काहीतरी मी पुटपुटले.

दोघांची गोष्ट फार वेगळी निघाली. ब्रह्मदेशाकडे एक झाड होतं आणि त्याला एकच धनी, तिथलं सरकार. शंभर-शंभर वर्षं उभी असलेली झाडं वर्षानुवर्षं नदीतून खाली येत राहिली, जहाजात चढत राहिली, आणि जंगल विरळ होत गेलं. मग त्यांनी अख्खे ओंडके बाहेर पाठवणं बंद केलं. त्यानंतर कापलेलं लाकूड तेवढं यायचं. पुढे, माझा प्रबंध होऊन गेल्यावर, तिथे लष्कराने पुन्हा सत्ता घेतली, बाहेरच्या देशांनी दारं लावून घेतली, आणि तो व्यापार सुतासारखा बारीक झाला. घानाचं उलट. त्यांच्या रानात नाना जातीचं लाकूड होतं. ते त्यांनी आधीच युरोपला विकलं, अख्खेच्या अख्खे बुंधे, आणि रान संपत आल्यावर बुंधे बंद केले. उरलेल्या जागेत सागवान लावलं. साग हे तिथलं झाडच नव्हे, बी बाहेरून नेलेलं. ती झाडं पुरती वाढायच्या आधीच कापून, कंटेनरांत भरून, आमच्या तुत्तुकुडी बंदराला यायला लागली. आलेखावर ब्रह्मदेशाची रेघ खाली येत होती आणि घानाच्या सागवानाची वर चढत होती. एका ठिकाणी त्या एकमेकींना छेदून गेल्या होत्या.

सुट्टीत घरी आले तेव्हा मी तो आलेख अप्पांपुढे ठेवला. मोठ्या तोऱ्यात ठेवला, हे कबूल करते. त्यांनी चष्मा लावला, छेदाच्या ठिकाणी बोट ठेवलं आणि बराच वेळ काढला नाही.

“हें तूं आतां सांगूंलालीस,” ते म्हणाले. “माझ्या नाकाला तें केव्हांचें कळलेंय.”

मला राग आला होता आणि हसूही. चार वर्षांची मेहनत त्यांनी एका वाक्यात नाकात घातली. घानाच्या लाकडाचा त्यांना तिटकारा मात्र नव्हता. ते झाड आपल्यासारखं, असं ते म्हणाले, बी एकीकडचं, माती दुसरीकडची. आपण नाही का इथे उभे राहिलो? त्यालाही उभं राहू दिलं पाहिजे, एवढंच. पोरवयात तोडतात म्हणून त्याचा गाभा भरत नाही, पांढरा भाग जास्त राहतो, आणि किड्याला तोच आवडतो. पन्नास वर्षं राहू द्या, मग मीही फसेन. हे शेवटचं वाक्य मी तेव्हा वहीत टिपून ठेवलं होतं, पण प्रबंधात घातलं नाही. नाकाचा हवाला देऊन प्रबंध होत नाही.

साथीच्या वर्षी आम्हां दोघांनाही ताप आला. आई त्याच्या आधीच गेली होती. मी लग्न केलं नव्हतं, कॉलेजात लागले होते, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. तापात दोघांचाही वास गेला. माझा तीनेक आठवड्यांनी परत आला, आधी कापीचा, म्हणजे कॉफीचा, मग कढीपत्त्याचा, मग गटाराचाही. अप्पांना विचारलं तर म्हणाले, माझाही आला. मी मान्य केलं.

एका दुपारी कॉलेजातून आले तर फाटकापाशीच जळका वास आला. आत धूर. अप्पा स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून पेपर वाचत होते, आणि त्यांच्या पाठीमागे दोन हातांवर दुधाचं पातेलं जळून काळं झालं होतं. मी गॅस बंद केला, खिडकी उघडली. त्यांनी आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग पातेल्याकडे.

झोप लागली होती, असं ते म्हणाले. नाकावर चष्मा होता आणि हातात पेपरचं उघडं पान. मी बरं म्हटलं आणि पातेलं घासायला घेतलं. दोन दिवस घासत होते.

त्या दिवसापासून मला माहीत होतं आणि मी ते बोलले नाही. वखारीतून ते निवृत्त झाले होते, पण घर बांधणारे अजूनही त्यांना हाताला धरून लाकूड बघायला न्यायचे. सणावारी न चुकता त्यांच्यासाठी वेष्टी, म्हणजे नवं धोतर, यायची. नाक गेलं म्हटल्यावर हे सगळं गेलं असतं, आणि त्याच्या पाठोपाठ अप्पाही जातील असं मला वाटायचं. म्हणून मी राखण करू लागले. दूध नासलंय का ते त्यांच्या आधी मीच बघायची. गॅसची तपासणी मीच करायची. ते हे सगळं बघत होते आणि काही म्हणत नव्हते, आणि मला वाटायचं, आमचं न बोलता ठरलंय.

त्यानंतर वर्षभराने मामाचं घर निघालं. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. सरकारी कचेरीत नोकरी करत जन्मभर भाड्याच्या घरांत राहिलेला. पेन्शन सुरू झाल्यावर ओरत्तनाडूला त्याने एवढंसं घर बांधायला काढलं. फरशी कुठली, रंग कुठला, याबाबत त्याचं काही म्हणणं नव्हतं. दर्शनी दाराची चौकट तेवढी बर्मा टीकची हवी होती. आमच्याकडे ही चौकट उभी करायचा दिवस म्हणजे घराचा वाढदिवसच. हळदकुंकू लावून, आंब्याची पानं बांधून तिची पूजा होते, शेजारपाजारचे जेवायला येतात. भिंती नंतर उभ्या राहतात. मामा अप्पांना चिडवत म्हणाला होता, भावोजी, घर वाकडं झालं तरी चालेल, पण चौकटीवर तुमचा गोल पाहिजे.

वखारवाला म्हणाला, बर्माचा जुना साठा थोडा शिल्लक आहे, ओंडके बंद होण्याच्या आधीचा. अप्पा मामाला आणि नेहमीच्या सुताराला घेऊन बघायला गेले.

त्या दिवशी चारला ते घरी आले तेव्हा मी उत्तरपत्रिका तपासत बसले होते. एरवी ते आल्याबरोबर पाय धुऊन खुर्चीत बसायचे. त्या दिवशी माझ्या टेबलापाशी उभेच राहिले. वेष्टीच्या ओच्यातून त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक ढलपी काढून माझ्यापुढे धरली.

“वास घे,” ते म्हणाले. “काय तें सांग.”

मी डोळे मिटले. वाफ सोडली. वास सागवानाचा होता, पण कच्चा, आंबूस, वरवरचा. घशात उतरतच नव्हता. घाना, आणि कोवळ्या झाडाचं. खेळाच्या दिवसांत मी हे एका श्वासात सांगितलं असतं. आणि नाक बाजूला ठेवा, माझा स्वतःचा प्रबंध काय सांगत होता? ओंडके बंद होऊन इतकी वर्षं झाल्यावर हा जुना साठा कुठून आला? अशा चुकीवर मी मुलांना नापास करते.

डोळे उघडले तर अप्पा माझ्याकडे टक लावून बघत होते. मला वाटलं, यांनी लाकूड आधीच पसंत केलंय, शब्द दिलाय, आणि आता मला त्यांच्या नाकाचं कळलंय का हे तपासतायत. घाना म्हटलं तर त्याचा अर्थ, तुम्ही संपलात, आणि मला ते माहीत आहे.

मी म्हटलं, “बर्मा.”

“नक्की?”

“नक्की, अप्पा.”

त्यांची मान एकदा खाली गेली. कित्येक वर्षांनी मिळाली होती ती मान, आणि खोटं बोलूनही मला आनंद झाला. हे लिहितानाही मला लाज वाटते, पण झाला होता.

चौकट उभी राहिली. वरच्या कोपऱ्यात निळा गोल होता, तो सांध्यात झाकला गेला. मामाने अप्पांना पाटावर बसवून वेष्टी दिली. त्या दिवसाचा एक फोटो आहे. त्यात अप्पा चौकटीला हात लावून उभे आहेत आणि मी बाजूला, जरा जास्तच हसते आहे. त्यानंतर दोन वर्षांनी अप्पा गेले, जेवण करून आडवे झाले ते उठलेच नाहीत. आणि मग तो चारचा वास सुरू झाला. माझ्यापुढे अप्पा उभे आहेत, विचारतायत, आणि मी काय ते सांगत नाहीये, असं मला त्या वासात वाटायचं.

यंदाचा पाऊस सरल्यावर मामाचा फोन आला. चौकटीच्या पायाशी रोज सकाळी भुसा पडतोय, पीठ चाळल्यासारखा बारीक. मामी झाडून दारात कोलमची रांगोळी काढते, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच. कान लावला तर आत कुरकुर ऐकू येते. रविवारी तोच सुतार येणार आहे, तूही ये, असं तो म्हणाला. मला का बोलावतोय हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

सकाळच्या बसने निघाले. वाटेत मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. अप्पांचं वय झालं होतं. अप्पांचं नाक तापात गेलं होतं. अप्पांची चूक झाली, त्यांना माफ करा. सगळ्या वाक्यांची सुरुवात अप्पांपासून होत होती.

सुताराने दार उतरवून भिंतीला टेकवलं होतं. त्याने चौकटीवर पटाशीची मूठ आपटली तर भोपळ्यावर टिचकी मारल्यासारखा आवाज आला. बाहेरच्या अंगाला, जिथे पांढरा भाग होता, तिथे पटाशी भिजलेल्या बिस्किटात जावी तशी आत गेली. त्याने वरचा सांधा सोडवला. लाकडाच्या टोकावर निळा गोल होता. किडीने बाकी सगळं पोखरलं होतं, पण गोल शाबूत होता, अप्पांच्या हातचा, सुरुवातीला जाड आणि शेवटी बारीक होत गेलेला.  मी ओट्यावर बसले.

मामा कापी आणायला आत गेला. सुतार माझ्याजवळ येऊन खाली उकिडवा बसला. पन्नाशी ओलांडलेला माणूस, वखारीत अप्पांच्या हाताखाली लाकूड ओळखायला शिकलेला. तमिळमध्ये, हळू आवाजात तो म्हणाला की माझ्या हातून एक पाप झालंय आणि अय्या, म्हणजे अप्पा, गेल्यापासून ते मला बोलायचंय.

त्याने सांगितलं ते असं. त्या दिवशी वखारीत अप्पांनी ढलपी काढली, पण स्वतःच्या नाकाशी धरली नाही. सुताराच्या हातात दिली आणि विचारलं, हे काय आहे? इतक्या वर्षांत अप्पांनी त्याला असं कधी विचारलं नव्हतं. त्याला वास कच्चा वाटला. पण त्याला वाटलं, अय्या आपली परीक्षा घेतायत. ज्यांनी शिकवलं त्यांच्यापुढे, मालकाच्या देखत, तुमचं लाकूड खोटं आहे असं कसं म्हणायचं? तो म्हणाला, बर्माच की अय्या, तुम्हांला काय सांगायचं. अप्पांनी ढलपी परत घेऊन वर्तमानपत्रात गुंडाळली. मग म्हणाले, घरी मुलीलाही विचारतो. तुम्ही दोघंही तेच म्हणालात तर गोल करीन.

“दुसऱ्या दिवशी त्यांनी गोल केला,” सुतार म्हणाला. “मग मला वाटलं, अम्मा, तुम्ही एवढं शिकलेल्या, या देशांवर पुस्तक लिहिलेल्या, तुम्ही खोटं कशाला सांगाल? माझंच नाक चुकलं असणार.”

 इतकी वर्षं मी समजत होते की अप्पा लपवत होते आणि मी त्यांना सांभाळून घेत होते. लपवत तर ते नव्हतेच. नाक गेल्यावर प्रामाणिक माणसाने जे करायचं तेच त्यांनी केलं होतं. ज्यांना स्वतः शिकवलं त्या दोघांना विचारलं होतं. आम्ही दोघांनी मानाने, मायेने, तोंडावर खोटं सांगितलं, आणि प्रत्येकाने दुसरा खरं सांगेल यावर सोडून दिलं. माझ्या टेबलापाशी ते परीक्षा घ्यायला उभे नव्हते. ते मदत मागत होते.

मीही खोटंच बोलले, असं मी सुताराला सांगितलं. तो पटाशीच्या धारेवरचा भुसा अंगठ्याने पुसत राहिला.

मामा कापी घेऊन आला. धीर सुटायच्या आत मी त्याला सगळं सांगून टाकलं. ताप, पातेलं, ढलपी, मला आलेला वास आणि मी उच्चारलेला शब्द. जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली. मामा ऐकता ऐकता कापी पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात ओतत होता.

“भावोजींचें नाक गेलेंय तें मला ठाऊक होतें,” तो म्हणाला.

कुणी सांगितलं, असं मी विचारलं.

“त्यांनींच. वखारींतून निघतांना. म्हणाले, मला वास येत नाहीं, दुसरा पारखी बघ. मीं म्हटलें, दुसरा कोण आहे तंजावुरांत? तर म्हणाले, मुलगी आहे. तिला विचारतों. तिचें नाक माझ्यापेक्षां बरें.” त्याने वाटी खाली ठेवली. “तो गोल त्यांचा नव्हे. तुझा आहे.”

मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. मामाने आवरायला सांगितलंही नाही. तो रागावला नव्हता असं नाही. त्याचं जन्मभरातलं एकच घर, त्याची एक चौकट, आणि तिचा भुसा आमच्या तिघांच्या पायांशी पडला होता. त्याने एवढंच विचारलं, की खोटं का बोललीस? अप्पांना वाईट वाटेल म्हणून, मी म्हटलं.

“वाईट वाटायचें तें त्यांना तापांतच वाटून झालें होतें,” मामा म्हणाला. “त्यांना लाकूड कळायला हवें होतें.”

सुताराने येताना टेम्पोतून नव्या चौकटीचं लाकूड आणलं होतं. ते अंगणात सावलीला ठेवलेलं होतं. मामाने त्याला खूण केली. त्याने पटाशीने एक पातळ ढलपी काढली आणि मामाने ती स्वतः माझ्यापुढे धरली.

“आतां सांग,” तो म्हणाला.

मी डोळे मिटले, वाफ सोडली. वास घशापर्यंत उतरला. तेलकट, भरलेला, चामड्यासारखा. तो तोच होता, वर्गात आणि बसमध्ये माझ्या मागे लागलेला, चार वाजताचा. क्षणभर वाटलं, बर्मा म्हणावं. मामाला बरं वाटलं असतं, सुताराला सुटल्यासारखं झालं असतं, आणि अप्पांनाही कुठेतरी. मी पुन्हा एकदा वाफ सोडली आणि थांबले. त्या भरलेल्या वासाच्या तळाशी, अगदी पुसट, ओल्या गवतासारखं काहीतरी होतं. दुसऱ्या मातीचं.

“घाना,” मी म्हटलं. “पण याला उभं राहू दिलंय. गाभा भरलेला आहे. बर्मा नाही, मामा.”

“चौकट होईल?”

“होईल.”

सुतारानेही ढलपी घेऊन वास घेतला आणि या वेळी माझ्याकडे न बघता म्हणाला, घानाच. मग त्याने कानामागची पेन्सिल काढून माझ्यापुढे धरली. साधी काळी पेन्सिल होती. मी लाकडाच्या टोकापाशी वाकले आणि गोल केला. तो वाकडा आला, सुरुवात आणि शेवट नीट जुळले नाहीत. गोल काढून झाल्यावर सवयीने मी वर बघितलं आणि समोरची मान एकदा खाली जायची वाट बघत राहिले.

समोर मामा होता. त्याला ती पद्धत माहीत नव्हती.

“कापी थंड होते,” तो म्हणाला.